मागाचा मालक कुठे राहतो?
यंत्रमागाचे गाव, जागतिक बाजार आणि मराठी साहित्य

‘अधांतर’ शिकवत असताना एका विद्यार्थ्याने मला प्रश्न विचारला होता. मुलगा रात्रपाळीला मागावर जायचा आणि सकाळी वर्गात येऊन बसायचा. डोळे तांबारलेले, केसांत कापसाची पांढरी पूड. जयंत पवारांच्या नाटकातली ती एक खोली, संपाने मोडलेले कुटुंब, बेकार मुलगे आणि घर धरून ठेवणारी आई यांच्याबद्दल मी तास-दीड तास बोललो होतो. तो म्हणाला, “सर, ह्यांचा मालक कुठं राहायचा?”

मी म्हणालो, मलबार हिलला असेल. वर्ग हसला, तो हसला नाही. “आमचा वरच्या मजल्यावर राहतो,” तो म्हणाला. “कामगार आला नाही की तोच खाली येऊन माग चालवतो.”

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले, की ते मराठी साहित्याकडेही नाही. विट्यात राहून गिरणगावाचे साहित्य शिकवणे ही गोष्टच थोडी चमत्कारिक आहे. खिडकीबाहेर खटखट चालू असते आणि आपण मात्र चाळीस वर्षांपूर्वी थांबलेल्या मागांबद्दल हळवे होऊन बोलत असतो.

गिरणीचे साहित्य आपल्याकडे भरपूर आहे आणि त्यातले काही फार चांगले आहे. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ स्वातंत्र्यापूर्वीची. नारायण सुर्व्यांना ज्या गंगाराम सुर्व्यांनी वाढवले ते गिरणी कामगार. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) त्याच वस्तीतून आले. अण्णाभाऊ साठे तर आमच्याच जिल्ह्यातले. वाटेगावहून मुंबईला गेले, गिरणीत राबले आणि गावाकडे राहिलेल्या माणसाचा विरह शाहिरीत आणला. त्यानंतर १८ जानेवारी १९८२ चा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, दत्ता सामंत आणि न संपलेला शेवट. या शेवटातून १९९७ चे ‘अधांतर’ आले, ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मधल्या कथा आल्या, आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून जमवलेला गिरणगावाचा इतिहासही आला. शोकाचे इतके समर्थ साहित्य मराठीत दुसऱ्या कुठल्या धंद्याच्या वाट्याला आलेले नाही.

माझा आक्षेप एवढाच, की हे साहित्य गिरणीच्या फाटकाशी थांबते. माग मात्र तिथे थांबले नाहीत. मोडीत निघालेल्या मुंबईच्या मागांतले कितीतरी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे गेले, आणि काम तर त्यांच्याही आधी गेले होते. संपाच्या आधीपासूनच गिरण्या विणकाम कमी करू लागल्या होत्या. यंत्रमागावर अबकारी कराचा भार कमी, मजुरी कमी, कामगार कायदा दूर. तेव्हा ग्रे कापड बाहेरून विणून घ्यायचे, त्यावर प्रक्रिया करायची आणि आपला शिक्का मारायचा, हे गिरणीला स्वस्त पडे. आज देशातले सुमारे ६० टक्के कापड यंत्रमागावर विणले जाते. म्हणजे आपण ज्याचा शोक केला ते विणकाम मेलेले नव्हते. ते गाव बदलून, बारा तासांची पाळी आणि आठवड्याचा पगार घेऊन, आमच्या गल्लीत आले होते. गिरणी संपली हे आपल्या साहित्याने पाहिले, कापड संपले नाही हे पाहिले नाही.

असे का झाले? ‘ग्रामीण साहित्याला शेतीपलीकडे दिसत नाही’ हे ठरावीक उत्तर मला पुरेसे वाटत नाही. माझ्या मते अडचण प्रतिपक्षाची आहे.

एकोणिसाव्या शतकात ती नव्हती. लोकहितवादींनी शतपत्रांत देशी मालाचा आग्रह धरला. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) विलायती यंत्रांच्या मालाने इथल्या कारागिरांची उपासमार चालवली आहे हे रोखठोक मांडले. त्या लेखनाला मँचेस्टर हे नाव माहीत होते. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली तेव्हा जाळायचे काय याबद्दल कुणाला शंका नव्हती. पुढे मँचेस्टरच्या जागी गिरणीचा शेठ आला. तोही ओळखू येणारा होता. त्याला बंगला होता, मोटार होती, फाटकावर भोंगा होता. कथानकाला लागतो तसा विरोध आयता मिळत होता.

विट्याच्या मागाला हे काहीच नाही. खालच्या शेडमध्ये आठ, बारा किंवा चोवीस माग, वर घर. मालकाचा बाप कदाचित दुष्काळात शेती सोडून आलेला. सूत आपले असेल तर सुताच्या भावाची धास्ती, आणि मजुरीने विणायचे असेल तर बीम व्यापाऱ्याचे, सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. आपला फक्त माग, वीज आणि माणूस. हा मालक कामगाराचे शोषण करतो का? करतो. भविष्यनिर्वाह निधी नाही, कानाला काही नाही, छातीत जाणाऱ्या कापसाच्या पुडीचा हिशेब नाही. पण कामगाराला दर वाढवून दिला आणि व्यापाऱ्याने मजुरी वाढवली नाही, तर वर्षा-दोन वर्षांत हाच मालक माग भंगारात घालेल. व्यापाऱ्याकडे जावे तर तो बालोतरा-पालीकडचा प्रक्रियावाला दाखवतो, प्रक्रियावाला गारमेंटवाल्याकडे बोट करतो, आणि गारमेंटवाल्याच्या मागे न्यूयॉर्क किंवा लंडनमधला खरेदीदार असतो, ज्याला विटा नावाचे गाव आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. अशी साखळी कथेत धरायला कठीण असते. आपल्या वास्तववादी कादंबरीला दोन माणसे समोरासमोर उभी लागतात.

यावर कुणी म्हणेल, चेहरा नसलेला प्रतिपक्ष मराठीत आलाच नाही असे कसे? आला आहे, आणि आमच्या शेजारीच आला आहे. विट्याच्या पूर्वेला आटपाडी, तिथून माडगूळ दूर नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) खलनायक म्हणावा असा कुणी माणूस नाही. पाऊस पडत नाही, मेंढरे मरतात, वाडी रिकामी होते आणि मास्तर निघून जातो. कुणावरही आरोप न करता एका गावाचे उठून जाणे त्यांनी दाखवले, ते अजून कुणाला जमलेले नाही. विट्याची कादंबरी लिहायला बसणाऱ्याच्या हाती पहिले प्रारूप येईल ते हेच. ‘बाजार पडला’, ‘मंदी आली’, ‘सूत चढलं’ ही आमच्याकडची बोलीही पावसाच्याच चालीची आहे. कर्ता नसलेली वाक्ये.

इथेच मला धोका दिसतो. पाऊस कुणी ठरवत नाही, बाजार ठरवला जातो.

१९७४ मध्ये मल्टिफायबर करार झाला. अमेरिका आणि युरोपने कापड व कपड्यांसाठी देशादेशाला कोटा बांधून दिला: तुम्ही एवढे शर्ट पाठवायचे, तुम्ही एवढे. मुक्त व्यापाराचा घोष करणाऱ्यांनीच हे कुंपण घातले आणि ते तीस वर्षे टिकवले. त्याचा एक परिणाम कादंबरीत शोभावा असा आहे. दक्षिण कोरियाचा कोटा भरत आला, तेव्हा देवू कंपनीने ज्याच्या वाट्याचा कोटा रिकामा पडला आहे असा देश शोधला. तो होता बांगलादेश. १९७८ मध्ये तिथल्या देश गारमेंट्सशी करार झाला आणि १३० माणसे शिवणकाम शिकायला कोरियात गेली. परत आल्यावर त्यांतल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले. आज त्या देशाच्या निर्यातीतला चार पंचमांशाहून अधिक वाटा कपड्यांचा आहे. १ जानेवारी २००५ ला कोटा संपला, तेव्हा हा धंदा चीन गिळणार असे भाकीत होते. चीन वाढलाच, पण ढाक्याचा धंदाही टिकला. तो कोणत्या किमतीवर टिकला हे २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली तेव्हा जगाने पाहिले.

यात विट्याचा काय संबंध, असे वाटेल. विट्याचे ग्रे कापड तर बोटीत चढत नाही. पण सूत चढते. सूतगिरणीपुढे दोन गिऱ्हाइके उभी असतात, एक इचलकरंजीचा व्यापारी आणि एक चितगावचा किंवा चीनचा. बाहेरची मागणी तेजीत असली की गिरणी तिकडे वळते आणि आमच्या मागाला सूत महाग होते. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो, लाख रुपयांवर गेली. सूत जेवढे चढले तेवढे कापड चढले नाही, आणि मधली तूट मागवाल्याने सोसली. उलट बाहेरची मागणी पडली की सूत स्वस्त होते, पण तेव्हा कापडालाही उठाव नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याच महिन्यात दिल्लीने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क स्थगित केले. सूतगिरण्यांना ते हवेच होते, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाच्या हंगामाच्या तोंडावर ते आले. एका निर्णयाने गारमेंटवाला, दुसऱ्याने शेतकरी. आणि दोहोंच्या मध्ये आठ मागांची शेड. हे सगळे कुणाच्या तरी सहीने झाले, सहीला तारीख आहे. याला अवर्षण कसे म्हणायचे?

म्हणून मला वाटते, विट्यावर लिहिणाऱ्याने माडगूळकरांची नजर घ्यावी, त्यांची समजूत घेऊ नये. बनगरवाडीच्या वेळी ती समजूत खरी होती. मागाच्या गावाला ती लावली तर लेखक नकळत खरेदीदाराचा वकील होतो. आणि उलट बाजूने, गिरणगावाचा साचा जशाच्या तसा आणला तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला शेठ बनवावे लागेल, आणि पहिल्याच पानावर आमचा वाचक पुस्तक मिटेल. त्याला तो माणूस ओळखीचा आहे.

भाषेचाही एक अडसर आहे. वरेरकरांच्या शीर्षकातला धोटा आता मागावरूनच निघून चालला आहे. साधा माग मिनिटाला शे-दीडशे वेळा धोटा फेकतो. एअरजेटवर हवेच्या झोताने धागा सहाशेच्या वर वेळा जातो, तिथे धोटाच नाही. धोट्यावर पोसलेली सारी रूपके, आयुष्याचा धोटा वगैरे, आणखी एका पिढीनंतर तळटीप मागतील. उलट ज्या शब्दांवर इथले घर चालते, ते बीम, सायझिंग, कांडी, ताका, जॉबर, ते साहित्यात जवळजवळ नाहीत. मालेगावच्या मागावर काम करणारा शफीक निदान ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये पडद्यावर उडाला. आमच्याकडे अजून कुणी उडालेला नाही. (विट्याचा गलाई व्यावसायिकही असाच राहून गेला आहे. सोने-चांदी गाळायला या भागातली माणसे देशभर पसरली, पण त्यांची कादंबरी कुठे आहे? तो विषय वेगळा.)

हे लेखकांना सांगताना टीकाकाराने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर मी वर्गाला ‘माझा एक दिवस’ असा निबंध दिला होता. त्याने दोन पाने लिहिली. सुरुवात सुताच्या भावाने, शेवट रात्री दोनला गेलेल्या विजेने. मध्ये आईचे नाव एकदाच, तेही कांड्या भरण्यापुरते. एक वाक्य असे होते, की या महिन्यात पिकाला पैसे कमी झाले म्हणून बहिणीची फी थांबली. मी लाल शाईने ‘पिकाला’ खाली रेघ ओढली आणि समासात लिहिले: कोणते पीक? स्पष्ट करा.

त्याने वही परत आणली आणि मला समजावून सांगितले. ताण्यातून बाण्याचा धागा एकदा गेला की एक पीक. इंचात जितकी पिके तितके कापड घट्ट, आणि मजुरी ठरते ती पिकामागे, पैशांत. या गावात त्या वेळी मला अकरा वर्षे झाली होती.