हंटिंग्टनच्या निबंधातील अनुच्चारित नाव

अमेरिकन वैद्य जॉर्ज हंटिंग्टन यांचा ‘कोरिया’ या अंगविक्षेपाच्या विकारावरील निबंध १८७२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे २२ होते. निबंधाचा बहुतेक भाग सामान्य कोरियाला वाहिलेला आहे. मेंदू क्षीण करणारा आनुवंशिक प्रकार अखेरच्या काही परिच्छेदांतच येतो. तथापि निबंध टिकला तो त्यांच्यामुळे. लाँग आयलंडवरील पीडित कुटुंबांविषयी आजोबा व वडील या दोन वैद्यांची निरीक्षणे हंटिंग्टन यांना लाभली होती. आईबापांत रोग उतरला नाही तर मुलांत तो उद्भवत नाही, हा निष्कर्ष या त्रिपिढीय निरीक्षणाचेच फळ होय.

भाषाभ्यासकास मोलाची वाटणारी नोंद निराळी आहे. ही कुटुंबे रोगाचे नाव घेत नसत. निरुपाय झाल्यास दर्शक ‘तो’ लावून निर्देश करीत. रात्री सापाला ‘लांबडे’ म्हणणाऱ्या मराठी माणसास हा संकेत परका वाटू नये. नॅन्सी वेक्सलर यांनी १९७९ पासून व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या ज्या कुटुंबांचा अभ्यास केला, तीही रोगास नुसते ‘एल माल’, म्हणजे ‘वाईट’, म्हणत. त्यांनी दिलेल्या रक्ताच्या साह्याने १९९३ साली जनुक सापडले.

निबंधाचे न्यून येथेच जाणवते. कुटुंबांचे मौन टिपूनही हंटिंग्टन त्यांच्या रोगाकडे वैद्यकीय नवल म्हणून पाहतात. त्या मौनामागील भयाचा शोध घेत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या संशोधनात रुग्णांचा शब्दही पुरावाच असतो, हे ध्यानी घेऊन हा निबंध पुन्हा वाचला पाहिजे.