बुडालेला रस्ता, उरलेला सातबारा

धरणाची कादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या तोंडी पहिले नाव येते ते विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'चे. १९९१ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जांभळी हे गाव धरणात जाते आणि गावकऱ्यांच्या वाट्याला वनवास येतो. त्यांच्या बाजूने उभे राहतात ते खैरमोडे गुरुजी. आम्हीही शिक्षकी पेशातले असल्याने या गुरुजींविषयी आमच्या मनात वेगळी आस्था आहे. परंतु हिंगोली जिल्ह्यात राहून ही कादंबरी पुन्हा वाचताना एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. जे गाव उठले त्याची कथा मराठीत आली. जे गाव उठलेच नाही, पाण्याने वेढले गेले आणि तिथेच राहिले, त्याची कथा कोठे आहे?

'झाडाझडती'चे मोठेपण आम्हाला मान्य आहे. मालमत्ता आधी कागदावर हिसकावली जाते आणि पाणी नंतर येते, हे या कादंबरीने मराठी वाचकाला पटवून दिले. लेखक स्वतः प्रशासनात राहिलेले असल्याने फाईल कोठे अडते, का अडते, पुढाऱ्याचा हात तिच्यापर्यंत कसा पोचतो, हे त्यांना ठाऊक आहे. काही ठिकाणी तपशिलांचे ओझे होते, पण ते ओझे विस्थापिताच्याच डोक्यावरचे आहे असे समजून वाचकाने ते सोसावे. मात्र कादंबरीची सारी धाव गाव सोडणाऱ्यांच्या मागे आहे. विषयच तो असल्याने त्याचा दोष लेखकाला देता येणार नाही. दोष आहे तो तेवढ्यावर विषय संपला असे मानणाऱ्या आपल्या समीक्षेचा.

धरणाची जमीन संपादित होते ती पाण्याची पातळी धरून. पूर्ण संचय पातळीच्या खालची जमीन सरकारची होते, वरची मालकाकडे राहते. कागदावर हा हिशेब सरळ दिसतो. पण गाव उंचावर असेल आणि त्याचा रस्ता खोलगट भागातून जात असेल तर? घर वाचते, सातबारा वाचतो आणि रस्ता बुडतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे पडले तर त्या नुकसानीचा विचार होता. सबंध गाव बाजारापासून, दवाखान्यापासून, सोयऱ्याधायऱ्यांपासून तुटले तर ते नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? सरकारी भाषेत 'जीवित व मालमत्ता' हे शब्द नेहमी जोडीने येतात. या गावात ती जोडी फुटते. मालमत्ता शाबूत राहते आणि जगणे अडते.

नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराचे पाणी चढले तेव्हा नर्मदाकाठच्या आदिवासींची शेते पाण्याने वेढली गेली. अशा जमिनीला तिथे 'टापू' असे नाव पडले. तिथे आंदोलन झाले म्हणून तो शब्द बाहेरच्या जगाला कळला. आमच्याकडे पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आहेत, पैनगंगेवर इसापूर आहे. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, आणि ही धरणे त्याच्या कितीतरी आधीची. त्यांच्या पाण्याच्या काठी राहणाऱ्यांच्या अडचणीला आंदोलन लाभले नाही आणि कादंबरीही लाभली नाही.

अशाच एका काठच्या गावाहून एक बुजुर्ग चाचा आमच्याकडे आले होते. पावसाळ्यात त्यांच्या गावाला तीन बाजूंनी पाणी असते. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते अलीकडे आले, मग जीप आणि मग बस. छातीशी धरलेल्या पिशवीत निजामाच्या काळातला एक मुंतखब, म्हणजे इनामाचा दाखला होता. १९४८ पूर्वी इथला सरकारी कारभार उर्दूत चाले. आज घरात तो कागद आहे, पण वाचणारा नाही. म्हणून लोक उर्दू शाळेच्या मास्तराकडे येतात. चाचा म्हणाले, "सर, बराबर पढो. इसमें क्या लिख्या है?"

त्यांची स्वतःची शेती वडिलांच्या काळातच पाण्याखाली गेली होती. मोबदल्याचे पैसेही केव्हाच सरले होते. उरली होती ती टेकाडावरची, दर्ग्यालगतची जमीन. उंचावर म्हणून ती वाचली. आता मुलांना ती विकून शहरात जायचे होते. कागदात 'मददमाश' असेल तर इनाम घराच्या निर्वाहासाठी दिलेले. 'खिदमतमाश' असेल तर ते दर्ग्याच्या सेवेसाठी, म्हणजे विकण्याचा हक्क या घराला नाही. आम्ही दोनदा वाचले. शब्द 'खिदमत' हाच होता. चाचांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि परतीची बस विचारली. पाण्याने जे नेले ते त्यांचे होते. जे ठेवले ते त्यांचे नव्हते.

आम्ही काय करायला हवे होते, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्याजवळ आहे. खैरमोडे गुरुजींना समोरचा अन्यायी दिसत होता. आमच्यासमोर अन्यायी कोणी नव्हता. समोर एक खरा शब्द होता आणि तो वाचल्याने एका गरीब घराची वाट बंद होत होती. वक्फाची अमानत जपायची की जिवंत माणसाची सोडवणूक करायची, असा हा पेच. तो भाषणात सुटत नाही. तो कादंबरीचा विषय आहे, आणि आमच्या मते फार मोठ्या कादंबरीचा.

मग आपण मुस्लिम मराठी लेखक कोठे आहोत? हमीद दलवाई यांची 'इंधन' १९६५ साली आली. त्यांच्या वैचारिक भूमिकेशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत, पण कोकणातल्या गावात मुसलमान घराचे शेजाऱ्यांशी असलेले नाते बदलू लागले की काय घडते, हे त्यांनी गावात उभे राहून पाहिले. १९९० साली सोलापूरला फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण पुष्कळ लिहिले. आपण कोण आहोत, आपली भाषा कोणती, दंगलीत आपले काय गेले, हे लिहिणे गरजेचे होते. परंतु आपले शेत, बांध, इनाम, कब्रस्तानाची हद्द, बहिणीला शरीयतने दिलेला आणि हक्कसोडपत्राने परत घेतलेला वाटा, यांविषयी आपली लेखणी कंजूष राहिली. आपण ओळखीवर लिहिले आणि सातबारा तलाठ्यावर सोपवला.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडीबरोबर उर्दू वाचणाऱ्यांचीही गरज पडली. जी लिपी आपलीच म्हणून बाजूला ठेवली होती, तिच्यात सर्वांच्याच आजोबांची नावे निघाली. या मातीचा दफ्तरखाना उर्दूत आहे आणि तिचे बोलणे मराठीत आहे. दोन्ही वाचता येणारा लेखक आपल्यातच निपजू शकतो.

'झाडाझडती'ने गाव सोडणाऱ्याचा हिशेब मांडला. टापूवर राहिलेल्याचा हिशेब बाकी आहे. तो मांडणाऱ्याने आधी त्या गावी जावे, पावसाळ्यात जावे, आणि पिशवीतला कागद चाचांसमोर मोठ्याने वाचावा. त्यानंतर चाचा जे बोलतील, आणि जे बोलणार नाहीत, तिथून लिहायला सुरुवात करावी.