जुना कागद आणि त्याचा शेजार

पानिपतच्या संहाराची वार्ता देणारे ते सावकारी पत्र मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांस ठाऊक असते. विरघळलेली दोन मोत्ये, हरवलेल्या सत्तावीस मोहरा आणि मोजदाद न होणारा रुपया-खुर्दा, एवढीच त्याची सामग्री. मोत्ये म्हणजे विश्वासराव व सदाशिवरावभाऊ, हेही विद्यार्थी तत्परतेने सांगतो. परंतु हे पत्र कोणी कोणास धाडले होते, असे विचारताच वर्ग गप्प बसतो. ग्रँट डफ याने १८२६ साली, म्हणजे प्रसंगानंतर पासष्ट वर्षांनी, ते आपल्या इतिहासात इंग्रजीतून दिले. त्याच्या सांगण्याप्रमाणे ते पेशव्यांस लिहिलेले नव्हतेच. सावकारांचा जासूद पानिपताहून औरंगाबादेस निघाला होता. उत्तरेकडे चाललेल्या नानासाहेबांच्या छावणीत तो आला आणि दुसऱ्याचे पत्र पेशव्यांनी फोडून वाचले. एवढे कळले म्हणजे त्या मोत्या-मोहरांचे रहस्य उलगडते. ती कोणा शाहिराची उपमा नव्हे. बाजारात बातमी फुटू नये म्हणून वापरलेली ती पेढीची भाषा होय. आणि एका बापाला आपल्या मुलाचा मृत्यू परक्याच्या हिशेबात वाचावा लागला, ही गोष्ट नुसता मजकूर पाठ करणाऱ्यास कधीच जाणवत नाही.

दुसऱ्याचे लिखाण आपण तिसऱ्याच्या हाती ठेवतो तेव्हा त्याला जे दिसू शकत नाही ते सांगण्याचे दायित्व आपल्यावर येते, असे आम्हांस वाटते. ऐतिहासिक पत्रांच्या बाबतीत तर ते टाळता येण्याजोगे नाही. पत्रावर बहुधा चंद्र व मुसलमानी महिना असतो. वर्ष पुष्कळदा नसते, कारण ज्याला लिहिले त्याचे ते चालू वर्षच होते. नावांचीही तीच तऱ्हा. १७६० च्या पत्रातील ‘भाऊ’ म्हणजे बहुधा सदाशिवराव आणि १७९० च्या पत्रातील ‘भाऊ’ म्हणजे परशुरामभाऊ पटवर्धन. ‘भाऊंनी कूच केले’ एवढे वाक्य सुटे दिले, तर वाचकाने त्यांस यमुनेकडे न्यावे की टिपूच्या मुलुखात?

हे दायित्व आपल्या थोर संपादकांनी कसे पार पाडले, ते पाहण्यासारखे आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत आणि त्यांच्या आधी ती सुप्रसिद्ध दीर्घ प्रस्तावना आहे. तिची विद्वत्ता आणि आवेश यांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण तिच्यात पत्रांचा परिचय किती आणि डफशी मांडलेला कज्जा किती, याचा हिशेब कोणीतरी करावयास हवा. पुढे या प्रस्तावनांचे स्वतंत्र पुस्तकच निघाले. प्रस्तावना पत्रांवाचून उभी राहू शकली, हा तिचा गौरव खरा, परंतु आमच्या मते तोच तिचा दोषही आहे. यजमानाने पाहुण्यांची ओळख करून देता देता मैफल आपणच गाजवावी, तसे ते झाले आहे.

याहून आम्हांस वासुदेवशास्त्री खरे अधिक जवळचे वाटतात. ते मिरजेच्या शाळेत संस्कृतचे अध्यापक होते, हे त्याचे एक कारण असेल, आणि व्यवसायबंधूचा हा पक्षपात वाचकांनी गोड करून घ्यावा. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ात त्यांनी पटवर्धनी दफ्तरातील पत्रे कालानुक्रमाने लावली. आधी त्या काळची हकीकत संथपणे सांगावयाची, मग पत्रे बोलू द्यावयाची, ही त्यांची रीत. हकीकत वाचून आलेल्या वाचकास पत्रातील रुसवे, तोफांची ओढाताण, पैशाची टंचाई ही सारी ओळखीच्या घरातली वाटू लागतात. शास्त्रीबोवा आपला आवाज चढवीत नाहीत. सगळ्या घडामोडी मिरजेच्या ओसरीवरून पाहिल्यासारख्या दिसतात, हे मात्र खरे. पण ओसरी कोणाची हे त्यांनी लपविलेले नाही.

गो. स. सरदेसाई यांनी बडोद्याच्या दीर्घ नोकरीतून निवृत्त झाल्यावर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सिद्ध केले. ते १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत बाहेर पडले. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर इंग्रजीत थोडक्यात सारांश आहे. कामाचा व्याप पाहता याहून अधिकाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरी विषयवार मांडणीमुळे मूळ रुमालात शेजारी असलेले कागद दुरावले, आणि मराठी पत्राची ओळख मराठी वाचकास इंग्रजीतून व्हावी, ही रुखरुख उरतेच.

हा सारा विचार आज अधिक निकडीचा झाला आहे. माळवा, गुजरात, कर्नाटक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत अजून मोडी कागदांचे रुमाल आहेत, आणि मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. हौसेने कोणी एक पान काढतो, भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र घेतो व ‘आमच्या पूर्वजांचे पत्र’ एवढे लिहून दहाजणांस पाठवितो. त्याच्या आनंदात आम्ही सहभागी आहोत. पण पान कोणत्या रुमालातले, त्याच्या वरखाली कोणते कागद होते, ते घरात कोणत्या शाखेकडून आले, ही चार वाक्ये त्याच्याशिवाय दुसरा कोण लिहिणार? पान परत ठेवताना ते भलत्याच ठिकाणी गेले की ही माहिती त्याच्यापाशीही राहत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. पत्र पोहोचल्यावर घेणारा त्यावर पैवस्तीचा शेरा मारीत असे. लिहिणाऱ्याने गाळलेले वर्ष पुष्कळदा या शेऱ्यातच सापडते, आणि शेरा पाठीमागेही असू शकतो. मध्यंतरी एका स्नेह्यांनी आम्हांस अशाच एका पत्राची पुढची बाजू पाठविली. अक्षर सुरेख, मजकुरात ‘भाऊ’ दोनदा, वर्ष नाही. मागची बाजू पाठवावी, अशी आम्ही विनंती केली. उत्तर आले की, पत्र जुने व मोलाचे म्हणून वडिलांनी ते पुठ्ठ्यावर डकवून काचेच्या चौकटीत बसविले आहे.