उंच आणि सडपातळ, म्हणून लोम्बार्डी?

काश्मीरमधल्या फोटोत रस्त्याकडेला सरळसोट पॉप्लर दिसला की आपण बिनधास्त लिहितो: लोम्बार्डी पॉप्लर, म्हणजे पॉप्युलस नायग्रा 'इटालिका'. रिपोर्टमध्ये एवढ्यावर भागत नाही.

अरुंद आकार हा पुरावा आहे, पण अर्धाच. पांढऱ्या पॉप्लरचाही असा बारीक वाण आहे. त्याचं पान उलटून बघा, खालून पांढरी लव असते. लोम्बार्डीचं पान दोन्हीकडून हिरवं, त्रिकोणी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचं, आणि देठ बाजूंनी चपटा. गंमत म्हणजे हर्बेरियमच्या कागदावर झाडाचा आकार येतच नाही! वाळलेली डहाळी साध्या काळ्या पॉप्लरसारखीच दिसते. म्हणून नमुन्यासोबत अख्ख्या झाडाचा फोटो लावाच.

नर की मादी, हे तर बहुतेक जण लिहीतच नाहीत. लोम्बार्डी छाट कलमांनी पसरला, त्यामुळे जवळजवळ सगळी झाडं नर. त्यांना कापूस येत नाही. 2015 मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने 'रशियन' पॉप्लरच्या मादी झाडांची तोड करायला सांगितली. तक्रार होती कापसाने होणाऱ्या ॲलर्जीची. हा 'रशियन' म्हणजे पॉप्युलस डेल्टॉइडिस, मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्याचा कापूस म्हणजे बियांचे तंतू. परागकण येतात नर झाडांकडून. मग ज्या सर्व्हेत नुसतं 'पॉप्लर' लिहिलंय, त्यावरून ॲलर्जीबद्दल तुम्ही काय सांगणार? जात आणि लिंग हे दोन रकाने नसतील, तर तो डेटा मी तरी वापरणार नाही.