बीजगोळे टाकले, पुढे काय?

पावसाळा तोंडावर आला की मिरज परिसरातल्या शाळांतून बीजगोळ्यांची लगबग सुरू होते. माती, शेणखत आणि बिया मळून केलेले गोळे उन्हात वाळवायचे आणि दंडोबाच्या डोंगरावर टाकून यायचे. पुढे विज्ञान प्रदर्शनात हाच प्रकल्प ‘वन्यप्राण्यांसाठी खाद्यनिर्मिती’ या नावाने मांडला जातो. तक्त्यावर टाकलेल्या गोळ्यांची संख्या ठळक असते. उगवलेल्या रोपांची संख्या सहसा नसते. माझा आक्षेप आहे तो याला.

हेतूबद्दल वाद नाही. आपल्याच जिल्ह्यातले सागरेश्वर अभयारण्य (१९८५) धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उघड्याबोडक्या टेकड्यांवर उभे राहिले. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. तिथे हरणे आणून सोडली गेली. अशा लावलेल्या रानात उन्हाळ्यात प्राण्यांनी खायचे काय, हा प्रश्न पुस्तकी नाही. रानात चारा संपला आणि हरणे पिकात शिरली, तर झळ शेतकऱ्याला बसते. म्हणूनच उत्तर शोधण्याची पद्धत काटेकोर हवी.

पहिली त्रुटी बियांच्या निवडीत. खाद्य कोणासाठी, हे आधी ठरवले जात नाही. काळवीट मुख्यतः गवत खाते. चितळ गवताबरोबर पाला आणि गळलेली फळेही खाते. सांबराचा भर पाल्यावर अधिक. गोळ्यांत मात्र चिंच, जांभूळ, बाभूळ सरसकट एकत्र असतात आणि गवत क्वचितच असते. शिवाय प्रत्येक बीज निराळे. जांभळाचे बी वाळले की मरते. ते गोळ्यात घालून उन्हात ठेवणे म्हणजे उगवण्याआधीच मारणे. बाभळीचे कवच इतके कठीण की गरम पाण्यात भिजवल्याशिवाय बरेचसे बी पडून राहते. शेळ्यांच्या पोटातून गेलेले बी मात्र सहज रुजते.

दुसरी त्रुटी पद्धतीची. मातीच्या गोळ्यांची पद्धत जगभर पोहोचवली जपानी शेतकरी मासानोबु फुकुओका यांनी. १९८८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पक्षी आणि उंदीर यांच्यापासून बी वाचावे, हा गोळ्याचा एक उपयोग. पण आपला मुलूख पर्जन्यछायेतला. पहिल्या सरीने गोळा भिजतो, कोंब फुटतो आणि पावसाने ओढ दिली की तो करपतो. कुसळी गवताचे उदाहरण पाहा. त्याच्या बियांचे कूस ओले झाले की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो आणि बी जमिनीत शिरते. वर्गात एका थेंब पाण्याने हे दाखवता येते. हे बी गोळ्यात कोंबले, तर त्याची स्वतःची पेरणीची युक्तीच आपण बंद करतो.

तिसरी आणि सर्वांत मोठी त्रुटी म्हणजे तुलनेचा अभाव. तुलना नसेल तर तो उपक्रम होईल, प्रयोग नव्हे. शाळेच्या आवारात एक चौरस मीटरचे चार वाफे आखावेत. एकात काहीच पेरू नये. दुसऱ्यात बी फेकावे, तिसऱ्यात गोळे ठेवावेत, चौथ्यात टोकावे. पेरलेल्या तिन्ही वाफ्यांत एकाच जातीचे, एकाच दिवशी गोळा केलेले शंभर बी वापरावे. असे किमान तीन संच करावेत. पंधरा दिवसांनी, दिवाळीत आणि मे महिन्यात रोपे मोजावीत. डोंगरावर हे करायचे असेल, तर वनखात्याची परवानगी घ्यावी. परक्या जातीचे बी तिथे नेऊ नये. तिथे प्रत्येक संचाची एक जोडी काटेरी फांद्यांनी कुंपण करून ठेवावी. कुंपणाआतल्या आणि बाहेरच्या वाढीतला फरक पाहिला, म्हणजे चरणीचा अंदाज येईल. कोणी चरले, हे पाऊलखुणा आणि लेंड्या सांगतील.

न पेरलेल्या वाफ्यातच सर्वाधिक गवत आले, असेही घडू शकेल. मग त्या जागेला गोळ्यांपेक्षा चराईपासून विश्रांतीची गरज असावी, असा तर्क मुले करू शकतील आणि पुढच्या वर्षी तो तपासतील. गोळ्यांच्या वाफ्यात एकही रोप आले नाही, तर तक्त्यावर शून्य लिहावे. ते शून्य लपवायला न लावणारा शिक्षकच मुलांना विज्ञान शिकवत असतो.