सद्हेतूचा अपराध : ग्रॅहॅम ग्रीन यांची ‘द क्वाएट अमेरिकन’

काही कादंबऱ्या प्रसिद्ध होतात तेव्हा अन्यायकारक वाटतात, आणि पुढे इतिहासाची पाने उलटत गेली की त्याच भाकितासारख्या वाचल्या जाऊ लागतात. ग्रॅहॅम ग्रीन यांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘द क्वाएट अमेरिकन’ ही कादंबरी या जातीची आहे. आपल्या वाचकांना ग्रीन (१९०४-१९९१) ठाऊक आहेत ते मुख्यतः ‘द पॉवर अँड द ग्लोरी’मधील दारूच्या आहारी गेलेल्या, भित्र्या आणि तरीही अखेरीस हौतात्म्य पत्करणाऱ्या धर्मगुरूमुळे. १९२६ साली कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारलेल्या या लेखकाची व्हिएतनामविषयक कादंबरी मात्र राजकारणाच्या कप्प्यात टाकली गेली. अमेरिकेत तिच्यावर अमेरिकाद्वेषाचा शिक्का बसला, तर पुढच्या पिढीतील युद्धविरोधकांनी तिला आपली पोथी केले. आमच्या मते दोन्ही वाचने अपुरी आहेत. या कादंबरीच्या गाभ्याशी एक पापनिवेदन आहे, आणि ते ऐकावयास कोणी नाही, ही तिची खरी शोकांतिका आहे.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घेऊ. मार्च १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यासाठी ४० कोटी डॉलरची मदत मागितली आणि साम्यवादाचा प्रसार जेथे होईल तेथे त्याला बांध घालण्याचे धोरण अमेरिकेने स्वीकारले. १९४९ साली चीनमध्ये माओंची सत्ता आली, १९५० साली कोरियात युद्ध पेटले, आणि हा बांध युरोपातून आशियात सरकला. व्हिएतनाममध्ये फ्रेंच आपली वसाहत राखण्यासाठी हो चि मिन्ह यांच्या व्हिएतमिन्ह सैन्याशी लढत होते. या युद्धाच्या खर्चाचा वाढता वाटा अमेरिका उचलू लागली आणि १९५४ पर्यंत तो निम्म्याहून कितीतरी अधिक झाला. त्या वर्षी ७ एप्रिलला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ओळीने उभ्या केलेल्या डॉमिनोच्या सोंगट्यांची उपमा दिली : पहिली पडली की उरलेल्या पडावयास वेळ लागत नाही. महिन्याभरात, ७ मे रोजी, दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा पाडाव झाला. ग्रीन १९५१ पासून हिवाळ्यात वार्ताहर म्हणून तेथे जात होते. त्यांनी पाहिला तो फ्रेंच साम्राज्याचा मावळतीचा आणि अमेरिकन हस्तक्षेपाचा उगवतीचा काळ.

कथानक थोडक्यात असे. थॉमस फाउलर हा सायगावमधला प्रौढ इंग्रज बातमीदार कथेचा निवेदक आहे. त्याला देव नाही, पक्ष नाही, मत नाही. आपण केवळ पाहतो आणि कळवतो, असे तो पुनःपुन्हा बजावतो. इंग्लंडमधली धर्मश्रद्ध पत्नी घटस्फोट देत नाही, आणि फुऑंग ही व्हिएतनामी तरुणी त्याच्यासोबत राहते. आल्डन पाइल हा अमेरिकेच्या आर्थिक साहाय्य मंडळातील तरुण तेथे येतो. तो सभ्य आहे, मृदुभाषी आहे, फुऑंगशी रीतसर विवाह करू इच्छितो, आणि एका रात्री स्वतःचा जीव धोक्यात घालून फाउलरचे प्राणही वाचवतो. यॉर्क हार्डिंग नावाच्या एका काल्पनिक पंडिताची पुस्तके त्याने पाठ केली आहेत. साम्यवाद नको आणि वसाहतवादही नको, तर पूर्वेला एक ‘तिसरी शक्ती’ हवी, हे त्या पुस्तकांचे सार. ही शक्ती पाइलला जनरल थे या बंडखोर सेनानीमध्ये सापडते आणि तो त्याला स्फोटके पुरवू लागतो. मग गर्दीच्या वेळी सायगावच्या चौकात बॉम्ब फुटतो. सैनिकी संचलन ठरले होते आणि ते रद्द झाले होते. मेले ते बाजाराला आलेले लोक, बायका आणि मुले. पाइल तेथे पोहोचतो, बुटाला लागलेले रक्त पाहतो, आणि मंत्रिमहोदयांना भेटण्यापूर्वी बूट पुसून घ्यावे लागतील, हा विचार त्याच्या तोंडून बाहेर पडतो.

हे बूट हे या कादंबरीचे मर्म आहे. पाइल क्रूर नाही. त्याला रक्त दिसते, पण ते माणसाचे आहे हे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण त्याच्या मनात माणसांच्या जागी संकल्पना उभ्या आहेत. ग्रीन यांचा आरोप अमेरिकेच्या दुष्टपणावर नसून तिच्या निरागसपणावर आहे. दुष्ट माणसाला स्वतःची भीती वाटू शकते. ज्याचा हेतू शुद्ध आहे त्याला ती वाटत नाही, म्हणून त्याला थांबवणारे त्याच्या आत काहीच उरत नाही. दूरच्या देशाला वाचविण्यासाठी निघालेल्या महासत्तेच्या मनाचे इतके अचूक निदान तिच्या सैन्याने तेथे पाऊल टाकण्यापूर्वी दहा वर्षे व्हावे, हे या कादंबरीचे श्रेय आहे. ऑगस्ट १९६४ च्या टोंकिन आखाताच्या ठरावानंतर अमेरिका उघडपणे युद्धात उतरली. १९६९ साली तिचे ५ लाखांहून अधिक सैनिक व्हिएतनाममध्ये होते. ५८ हजारांहून अधिक अमेरिकन मेले. व्हिएतनामच्या सरकारने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार सुमारे २० लाख नागरिक आणि ११ लाख लढवय्ये मृत्युमुखी पडले. आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडलेच. बांध फुटला, आणि त्याखाली गाडली गेलेली माणसे परत आली नाहीत.

मात्र येथे थांबलो तर ग्रीन यांच्यावर अन्याय होईल. फाउलर हा पाइलचा न्यायाधीश नाही. साम्यवाद्यांशी संधान असलेल्या हेंग नावाच्या माणसाशी तो संगनमत करतो, पाइलला जेवणाचे निमंत्रण देतो आणि ठरलेली खूण म्हणून खिडकीत उभा राहून पुस्तक वाचतो. पाइलचे प्रेत पुलाखालच्या चिखलात सापडते. फाउलरने हे चौकातल्या मृत मुलांसाठी केले की हातची गेलेली फुऑंग परत मिळावी म्हणून? त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. आणखी बॉम्ब फुटू नयेत, हा त्याचा हेतूही चांगलाच होता. म्हणजे चांगल्या कार्यासाठी माणूस मारण्याचे जे तत्त्व त्याने पाइलमध्ये धिक्कारले, तेच तो स्वतः आचरतो. युद्धविरोधी वाचकांनी नेमका हा भाग नजरेआड केला. अखेरीस फाउलरला सारे काही मिळते : फुऑंग परत येते, पत्नीही घटस्फोटाला होकार देते. उणीव राहते ती एकच. ज्याच्यापुढे खेद व्यक्त करावा असा कोणी अस्तित्वात असता तर, ही त्याची इच्छा अपुरीच राहते. प्रायश्चित्त संस्कार ज्याच्या अंगवळणी पडला आहे अशा वाचकाला या शेवटाची वेदना अधिक खोलवर कळावी. पापनिवेदनाच्या जाळीपाशी येऊन थबकलेला हा नास्तिक ग्रीन यांच्या सर्व पात्रांत कदाचित सर्वांत कॅथॉलिक आहे.

कॅथॉलिक वाचकाला अस्वस्थ करणारे आणखी एक प्रकरण म्हणजे फाट दिएमचे. टोंकिनमधील हे धर्मपीठ काल्पनिक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रान लुक या व्हिएतनामी धर्मगुरूने दगड आणि लाकूड वापरून, वळणदार छपरांचे, देशी शैलीतील कॅथेड्रल तेथे उभारले. ग्रीन गेले तेव्हा बिशप ले हू तू यांच्या हाताखाली साम्यवाद्यांशी लढणारी स्वतःची फौज होती. कादंबरीत व्हिएतमिन्हचा हल्ला झाल्यावर कॅथॉलिक, बौद्ध आणि अन्य सारे कॅथेड्रलच्या आवारात आश्रयाला येतात, जवळच्या कालव्यात प्रेतांचा खच पडलेला असतो, आणि घंटाघरातील धर्मगुरू आपल्या कामात मग्न असतो. येथे ख्रिस्तसभा दोन रूपांत दिसते : शस्त्र धरणारी आणि दार उघडणारी. ग्रीन कोणताही उपदेश करीत नाहीत. कोणते रूप टिकून राहिले, हे चित्रच सांगते.

याच लोकांविषयी त्याच सुमारास आणखी एक कॅथॉलिक पुस्तक आले. जुलै १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर सुमारे ८ ते १० लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले, आणि त्यांत बहुसंख्य कॅथॉलिक होते. हायफाँग बंदरात या निर्वासितांची शुश्रूषा करणाऱ्या टॉम डूली या अमेरिकन नौदलातील डॉक्टरने १९५६ साली ‘डिलिव्हर अस फ्रॉम इव्हिल’ लिहिले. शीर्षक प्रभूच्या प्रार्थनेतील अखेरच्या मागणीचे. पुस्तक अफाट खपले आणि अमेरिकेतील कॅथॉलिक घरांत व्हिएतनामची ओळख त्यानेच करून दिली. त्यातील अत्याचारांच्या काही वर्णनांच्या खरेपणाविषयी पुढे गंभीर शंका उपस्थित झाल्या. डूलींची सेवा खोटी नव्हती, आणि निर्वासितांचे भयही खोटे नव्हते. पण ज्या वाइटापासून सुटका मागावयाची ते नेहमी सीमेपलीकडेच असते, असा ग्रह त्या पुस्तकाने दृढ केला. ग्रीन यांची कादंबरी त्याच प्रार्थनेचा उलटा अर्थ लावते : वाईट आपल्या सद्हेतूच्या पिशवीतूनही प्रवास करते.

हा भेद चित्रपटानेही उघड केला. १९५८ साली जोसेफ मँकिविझ यांनी कादंबरीवर चित्रपट काढला आणि तिचा अर्थच फिरवला. त्यात अमेरिकन निर्दोष ठरतो आणि मत्सरी इंग्रज साम्यवाद्यांच्या हातचे बाहुले. चित्रपट दक्षिण व्हिएतनामच्या जनतेला आणि तिच्या अध्यक्षांना अर्पण केलेला होता. ग्रीन संतापले, ते योग्यच होते. ते अध्यक्ष म्हणजे न्गो दिन्ह दिएम, स्वतः श्रद्धाळू कॅथॉलिक. त्यांच्या राजवटीत बौद्धांचा असंतोष वाढत गेला, आणि ११ जून १९६३ रोजी थिच क्वांग डुक या भिक्षूने सायगावच्या रस्त्यावर आत्मदहन केले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी अमेरिकेच्या संमतीने लष्करी उठाव झाला. दिएम आणि त्यांचे बंधू यांनी चोलोन येथील संत फ्रान्सिस झेवियरच्या चर्चमध्ये आश्रय घेतला. तेथून त्यांना नेण्यात आले आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ठार मारण्यात आले. ज्यांना सोंगटी म्हणून उभे केले त्यांना सोंगटीसारखेच उचलून टाकले गेले.

या कादंबरीतील उणिवाही नमूद केल्या पाहिजेत. फुऑंगच्या अंतरंगात लेखक शिरत नाही. दोन पाश्चात्त्य पुरुष तिच्या देशावर आणि तिच्यावर वाद घालतात, आणि ती बहुधा गप्प असते. हा निवेदकाच्या दृष्टीचा दोष आहे असे म्हणता येईल, पण त्या पलीकडे पाहण्याची सोय ग्रीन यांनी केलेली नाही. योगायोग असा की सर्वांत सचोटीचे पात्र फाउलरचा भारतीय साहाय्यक डॉमिंग्वेझ आहे. या पोर्तुगीज वळणाच्या आडनावाच्या नम्र, सत्यप्रिय माणसाशी वसई-गोव्याच्या वाचकाला लगेच जवळीक वाटेल, आणि त्याला इतकीच जागा का, असेही वाटेल. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. साम्यवादी पक्षाचा माणूस येथे शांत, समंजस आणि जवळजवळ सुसंस्कृत आहे. उत्तरेत त्याच दशकात जमीनसुधारणेच्या नावाने हजारो माणसांचे बळी गेले आणि १९५६ साली पक्षालाच चुका मान्य कराव्या लागल्या. हा भयाचा चेहरा कादंबरीत आढळत नाही. आठ-दहा लाख माणसे उगीच घरदार सोडत नाहीत.

तो न लिहिलेला अध्याय आम्हांला एका खऱ्या जीवनात सापडतो. फ्रान्सिस झेवियर न्गुएन व्हान थुआन हे दिएम यांचे भाचे. एप्रिल १९७५ मध्ये ते सायगावचे सहायक आर्चबिशप नेमले गेले आणि १५ ऑगस्ट रोजी त्यांना अटक झाली. १३ वर्षे त्यांनी बंदिवासात काढली, त्यांतील ९ एकांतवासात. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. पहारेकऱ्यांशी त्यांनी मैत्री केली. २००१ साली ते कार्डिनल झाले आणि २००२ साली निवर्तले. मामाचा खून महासत्तेच्या मित्रांनी केला आणि त्यांना स्वतःला कैदेत टाकले ते तिच्या शत्रूंनी. तरीही त्यांनी कोणालाही सोंगटी मानले नाही. पोप तेविसावे योहान यांनी ११ एप्रिल १९६३ च्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकात चूक आणि चूक करणारा माणूस यांत भेद करावयास सांगितले होते. कार्डिनल थुआन तो भेद तुरुंगात जगले.

एके काळी आपल्याही धर्मग्रामांत मिस्सेनंतर रशियासाठी गुडघे टेकून प्रार्थना होत असे. ती प्रार्थना अस्थानी नव्हती, कारण श्रद्धेचा छळ खरा होता. पण प्रार्थना करणाऱ्याने आपल्या बाजूच्या बॉम्बचा हिशेब मागू नये, असा तिचा अर्थ कधीच नव्हता. ‘द क्वाएट अमेरिकन’ हा हिशेब मागते, पाइलकडेही आणि फाउलरकडेही. घरातल्या तरुणांच्या हाती ती जरूर द्यावी, आणि त्यांनी ती वाचून झाल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारावा : चौकातल्या त्या आईची माफी कोणी मागितली? कादंबरीत शोधूनही त्याचे उत्तर मिळत नाही. ते शोधण्याचे काम लेखकाने वाचकाकडे सोपवले आहे.