रँकिंगमध्ये मेस नसते

संशोधनासाठी संस्था निवडताना तुमच्यातले बहुतेक जण आधी एनआयआरएफची यादी उघडतात. उघडा की, पण ती काय मोजते तेही बघा. २०१६ पासून निघणाऱ्या या यादीत, एकूण क्रमवारीसाठी, अध्यापन आणि साधनांना ३० टक्के वजन, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या पुढच्या निकालाला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि ‘परसेप्शन’ला १०. हे परसेप्शन प्राध्यापकांचं आणि नोकरी देणाऱ्यांचं. तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्याला कुणी विचारत नाही. प्रयोग फसला की रात्री अकराला कुणाबरोबर चहा प्यायचा, हे त्या आकड्यांत सापडणार नाही.

मग काही जण फेस्टिव्हल बघून ठरवतात. हे तर अजूनच गंमतीचं. आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो भारीच असतो, पण तो डिसेंबरात मोजके दिवस. तुमची पाच वर्षं उरलेल्या दिवसांत जाणार आहेत.

त्यापेक्षा जागा बघा. पुण्यात पाषाणला एनसीएल आणि आयसर शेजारी-शेजारी आहेत. आपल्या लॅबमध्ये बिनसलं तरी पलीकडे बोलायला कुणीतरी भेटतं. टीआयएफआर कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरात. समुद्र झकास, पण दादरला नाटक बघायचं तर परतीचा हिशोब आधी मांडावा लागतो.

मुलाखत झाली की लगेच गाडी पकडू नका. मेसमध्ये जेवा. चौथ्या-पाचव्या वर्षातल्यांना विचारा, रविवारी काय करता? लॅब सोडून कुणी गेलं का, आणि का गेलं? हे मात्र सर समोर नसताना.